एका पंख्याखाली

एकदा एका गृहिणीने अधिक महिन्याच्या आरंभी देवापुढे संकल्प केला होता, की महिनाभर आपल्या हाताने विजेचे एकही बटण दाबायचे नाही. कारणही तसेच होते. तिचे गाव कापड विणणाऱ्या मागांचे. मंदी आली, कापडाला उठाव राहिला नाही आणि एकेक माग थंडावला. यजमानांचे सुताचे दुकान बंद पडले, मुलाची मागाच्या कारखान्यातली कारकुनी गेली. आणि नवल असे, की घरात येणारा पैसा आटत गेला तसतसे विजेचे बिल मात्र फुगत चालले.

गृहिणीचे नाव कावेरीबाई. ती चटणी पाट्यावर वाटू लागली, पोथी समईच्या उजेडात वाचू लागली, उकडले तर पदराने वारा घेऊ लागली. मुलगा हसून म्हणे, "आईने विजेशी अबोला धरलाय!"

महिना सरत आला आणि नवे बिल आले. ते आधीच्याहून मोठे! कावेरीबाईचा धीर सुटला आणि सगळा राग सुनेवर निघाला.

"हेमलता, मी इथे घामाने निथळतेय आणि तुझ्या खोलीतला कूलर सकाळपासून घोंघावतोय. वर दार लावून घेतेस ते निराळंच!"

 जेवणे झाल्यावर सुनेने बॅग काढली. "आई, मी परवा माहेरी जाते. मग कूलरही बंद आणि तुमचा त्रासही बंद."

कावेरीबाई हबकली. गावच्या मंदिरात एक वृद्ध शास्त्रीबुवा प्रवचन सांगत. ती त्यांची जुनी शिष्या. तडक त्यांच्यापाशी गेली. "बुवा, माझ्या व्रतात काय उणे राहिले? बिल उतरले नाहीच, आता घरही मोडायला आलेय."

बुवा शांतपणे म्हणाले, "उद्या दुपारी येतो. ताक तेवढे करून ठेव."

दुसऱ्या दिवशी कावेरीबाईने त्यांना आधी मीटर दाखवला. बुवांनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेरच्या चपलांकडे बोट केले. "बाजार तेजीत होता, तेव्हा भरदुपारी इथे कोणाच्या चपला असत?"

"माझ्या नि हेमलताच्या, बस."

"आणि आज?"

कावेरीबाईने खाली पाहिले. घरातल्या सगळ्यांच्या चपला तिथेच होत्या.

बुवा माजघरात मधोमध बसले. म्हणाले, "पंखा लाव. तुझ्याच हाताने."

"बुवा, माझा संकल्प...!"

"ठाऊक आहे. दोष लागला तर तो मला लागो."

देवघराकडे एकदा पाहून तिने बटण दाबले.

"आता भुईमुगाच्या शेंगा आण आणि सगळ्यांना हाक मार. सांग, म्हाताऱ्याला शेंगा फोडायला सोबत हवीय."

पाहुण्याचा शब्द कोण मोडणार? एकेक दार उघडले. यजमान आले, मुलगा आला, शेवटी सून आली. त्यांच्या मागे खोल्यांतले पंखे थांबले, दिवे मालवले, कूलरही गप्प झाला. दारातून दिसणाऱ्या मीटरवर घाईघाईने लुकलुकणारा लाल ठिपका आता जरा दमाने लुकलुकू लागला.

प्रथम नुसताच टरफलांचा आवाज. मग मुलगा वडिलांना म्हणाला, "अण्णा, शेंगा फोडायच्या आहेत, संपवायच्या नाहीत!" आणि कितीतरी महिन्यांनी त्या घरात हसू उमटले.

बुवांनी सुनेकडे पाहिले. "मुली, तुझ्या पदराला हे रंगीत दोरे कसले गं?"

तिने मान खाली घातली. "परकर शिवते, बुवा. सुनेची कमाई अण्णांच्या मनाला लागेल, म्हणून मशीनचा आवाज बाहेर जाऊ नये यासाठी कूलर लावते."

यजमानांचा हात शेंगेवरच थांबला. "अगं, आणि तुम्हाला तोंड कसं दाखवू म्हणून मी दार लावून बसतो."

कावेरीबाईच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा बुवा तिला म्हणाले, "बाजार मंदावला की घरातली वीजही कमी लागेल, असे आपण धरून चालतो. पण वीज माणसाच्या मागोमाग येते. कारखाना बंद होतो, तिथला पंखा थांबतो; परंतु ज्याच्या डोक्यावर तो फिरत होता, तो माणूस घरी येतो. दिवसभर त्याला वारा हवा, उजेड हवा, हाताला काही काम हवे. हे तर साहजिकच. त्यात मनाला संकोच वाटला, की तो दार लावून घेतो, आणि प्रत्येक बंद दाराआड एक वेगळा पंखा सुरू होतो. तू व्रत चांगलेच केलेस, बाई. फक्त बटणापाशी थांबलीस, दारापर्यंत गेली नाहीस."

त्याच दुपारी यजमानांनी सुनेचे मशीन स्वतः उचलून माजघरात आणले. दोऱ्याचे रीळ हातात घेऊन म्हणाले, "हा रंग कच्चा आहे, पहिल्या धुण्यालाच उतरेल. चांगला दोरा मी शोधून देतो." हेमलताची बॅग कपाटावर गेली ती गेलीच.

मंदी काही लगेच हटली नाही. पुढचे बिल थोडे उतरले, तेवढेच. कावेरीबाईने मात्र नवा संकल्प केला, की दुपारी दोन घटका सारे घर एका पंख्याखाली बसवायचे. त्याचे उद्यापन तिने आजवर केलेले नाही.

तुमच्याही घरी एखादे दार दिवसा लावलेले असेल, तर आतल्या पंख्यावरून बोलू नका. शेंगा घेऊन बसा आणि हाक मारून पाहा, एवढीच विनंती.