वैशाखातला बर्फ

उंच पांढऱ्याशुभ्र डोंगरांच्या पायथ्याशी पिरोळी नावाचं एक गाव होतं. तिथे केसर नावाची आठ वर्षांची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. घर एका खोलीचं. आपली म्हणावी अशी मोरी नावाची एक शेळी आणि अंगणात जर्दाळूचं एक झाड, एवढीच त्यांची श्रीमंती. बाबा धान्य आणायला खिंडीपलीकडे गेले होते. बर्फ वितळला की पाडव्याला येतो, असं ते सांगून गेले होते.

पाडवा गेला, चैत्र संपला, वैशाख लागला, तरी खिंड बंदच. केसरने दोनदा जाड घोंगड्या धुऊन उचलून ठेवल्या आणि दोनदा परत काढल्या. मग एकदाचं छान ऊन पडलं. जर्दाळू गुलाबी फुलांनी डवरला, मोरीला दोन चिमुकली करडं झाली. केसरने तिसऱ्यांदा घोंगड्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर पुन्हा गुडघाभर बर्फ.

केसर उंबऱ्यातच बसली. तिला इतका वैताग आला की रडूही येईना. आई तापाने निजलेली, करडं भुकेने ओरडणारी, आणि घरात चाऱ्याची काडी नाही. ती खाली नाल्याकाठी राहणाऱ्या धनाकाकांकडे पेंढीभर गवत मागायला गेली. काका म्हणाले, हे असंच चालू राहिलं तर माझ्याच गाईवासराला पुरायचं नाही. आणि त्यांनी दार लावून घेतलं.

घरी येऊन केसर फावड्याने अंगणातला बर्फ ढकलू लागली. ती जेवढा ढकलायची, तेवढा वरून नवा पडायचा. तेवढ्यात जर्दाळूच्या झाडावर कुणीतरी शिंकलं.

फांदीवर एक बोटभर परी होती. पोपटी झगा, त्यावर दवाच्या लुकलुकत्या टिकल्या, नाक थंडीने लालचुटुक. तिचे गुलाबी-निळे इवलेसे पंख बर्फाने फांदीला घट्ट चिकटले होते. ती स्वतःशीच कुरकुरत होती, की अख्खं झाड रंगवून होतंय न होतंय तोच हा बर्फ परत येतो, आणि यंदाची ही तिसरी खेप.

केसरने फावडं टाकलं. ती झाडावर चढली, परीभोवती दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पंख सुटेपर्यंत हळूहळू उबदार फुंकर घालत राहिली. तिची बोटं बधिर झाली, पण ती खाली उतरली नाही.

"तू वसंतातली परी आहेस का?" तिने विचारलं.

"कालपर्यंत होते," परी म्हणाली. "आज मी नुसती गारठलेली परी आहे. पण तू मला सोडवलंस, तेव्हा तीन गोष्टी माग. एक मात्र ध्यानात ठेव. चिडून मागशील, तर जे मिळेल तेही चिडलेलंच मिळेल."

केसरने ऐकलं खरं, पण सगळ्या हिवाळ्याचा वैताग तिच्या जिभेवर येऊन बसला होता. "मग ऊन पाड," ती म्हणाली. "पुरे झालं हे. चांगलं कडकडीत ऊन पाड."

परीने सुस्कारा सोडला आणि टाळी वाजवली.

ढग फाटले आणि रखरखीत ऊन ओतल्यासारखं पडलं. छपरांवरून मोत्यांच्या सरी गळू लागल्या, डबक्याडबक्यांत इंद्रधनुष्यं नाचू लागली. केसर अंगणात गिरक्या घेत होती, तोच नाल्याकडून गडगडाट ऐकू आला. उतारावरचा सगळा बर्फ एकदम वितळून खाली धावला होता. गढूळ पाणी धनाकाकांच्या भिंतीला धडका देत होतं, आणि काका वासराला कवटाळून दारात उभे होते.

बरं झालं, असं केसरच्या मनात आलं. तिने तोंड गच्च मिटून घेतलं. भेदरलेल्या वासराकडे ती बघत राहिली. मनातला राग निवला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पाणी काठाच्या आत राहू दे. काका आणि त्यांची गुरं सुखरूप राहू देत."

पाणी शहाण्यासारखं मागे सरलं, आणि काकांनी मान वर करून केसरकडे पाहिलं.

आता एकच मागणं उरलं. केसरने खिंडीकडे पाहिलं. ती आत्ता मोकळी झाली, तर बाबा संध्याकाळी घरी येतील. पण तिथला बर्फ एकदम सुटला तर तो गावावरच येईल, हे परीने तिच्यापासून लपवलं नाही. ऊन बेताबेताने पडलं, तर दहा दिवस लागतील, असंही तिने सांगितलं.

अजून दहा दिवस, या विचाराने केसर पुन्हा भडकली. तिने फावड्याला लाथ मारली आणि पायाचा अंगठा दुखावून घेतला. मग लंगडत लंगडत तिने झाडाभोवती फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला राग ओसरला.

"ऊन कोवळं पडू दे," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं."

त्या संध्याकाळी धनाकाका डोक्यावर गवताचा भारा घेऊन आले. त्यांनी तो मोरीपुढे टाकला. जाताना म्हणाले, "रोज एक भारा आणीन. मागायला येऊ नकोस."

परी दहाही दिवस चुलीपाशी पंख शेकत राहिली. रोज सकाळी ती मऊ, पिवळंधमक ऊन मोजून सोडायची आणि एखादा ढग आला की त्याच्यावर डाफरायची. आईचा ताप उतरला. बर्फाने करपलेली जर्दाळूची फुलं परीने एकेक करून पुन्हा रंगवली. हे तू मागितलं नव्हतंस, हे माझ्याकडून, असं तिने केसरला बजावलं.

दहाव्या दिवशी खिंड उघडली. पाठीवर पोतं घेऊन बाबा उतरताना दिसले आणि केसर धावत सुटली. त्यांच्या गळ्यात पडून तिने मागे पाहिलं, तेव्हा परी झाडाच्या शेंड्यावरून वर उडाली होती. तिचे पंख गुलाबी झाले, मग सोनेरी झाले, मग नुसता लखलखता उजेड झाला. तो उजेड फुलांवर, करडांच्या ओल्या नाकांवर आणि बाबांच्या दाढीवर सांडला, आणि भारा घेऊन आलेल्या धनाकाकांच्या कपाळावरची आठीसुद्धा तेवढ्यापुरती दिसेनाशी झाली.