आधी पाय दाखवा

फार पूर्वी, जिथला बर्फ कधी संपतच नाही अशा मुलखात एक गाव होतं. हिवाळ्यात तिथला सूर्य डोंगराआडून नुसता डोकावायचा, आणि दिवसभर सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. तिथल्या लोकांना आग जपता यायची, पेटवता यायची नाही.

एकदा वादळात गावातली एकूणएक चूल विझली. दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावातून निखारा आणायचं ठरलं. कुत्र्यांनी ओढायच्या दोन बर्फगाड्या निघाल्या, एक बहिणीची, एक भावाची. एक अडकली तर दुसरी तरी पोचेल. बहिणीची दोन वर्षांची लेक घरी बापाच्या कुशीत थरथरत होती.

तरी निघण्याआधी बहिणीने आपला जुना कोट फाडून कुत्र्यांच्या पायांना चामड्याचे मोजे शिवले. भाऊ हसला. "ताई, कुत्र्यांचं लग्न काढलंयस का?"

येताना दोघांकडे राखेत पुरलेल्या निखाऱ्याचं एकेक मडकं होतं. अर्ध्या वाटेत बहिणीची म्होरकी कुत्री, भुरी, लंगडायला लागली. थांबलीस तर पोरगी हातची जाईल, असं सांगून भाऊ पुढे निघून गेला. हाकललं असतं तर भुरी पळालीही असती. मुकं जनावर, नाही म्हणत नाही.

बहीण थांबली. कुत्र्यांच्या बोटांत अडकलेला बर्फ तोंडाच्या वाफेने वितळवून तिने मोजे बदलले. आठ कुत्री, बत्तीस पाय. एकही सोडला नाही. वरून बर्फ असा पडत होता, जणू आभाळच पिसापिसाने खाली उतरतंय.

पुढे पांढऱ्या वाटेवर लाल ठिपके दिसले, कुणी फुलं सांडत गेल्यासारखे. शेवटच्या ठिपक्यापाशी भाऊ बसला होता. कुत्री पाय चाटत पडलेली, आणि धावण्याच्या हिसक्यात मडकं फुटलेलं.

"चाबूक टाक आणि कुत्री उचल," बहीण म्हणाली.

जखमी कुत्री तिच्या गाडीत बसली, भाऊ मागून ढकलत चालला. गावात पहिली चूल पेटली तेव्हा लेकीने शेकलेले हात आईच्या गालांना लावले.

लोकांनी विचारलं, पहिलं कोण आलं? भाऊ खाली मान घालून म्हणाला, "भुरी. आम्ही तिच्या मागून आलो."

तेव्हापासून दरवर्षी त्याच वाटेवर कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत होऊ लागली. वाट संपते तिथे एक बाई बसते. कोण आधी आलं ते ती बघत नाही. म्हणते, "आधी पाय दाखवा." एका पंजाला जरी रक्त दिसलं तरी गाडी बाद, मालक कितीही मोठा असो.

तात्पर्य: ज्यांच्या पायांवर आपण पुढे जातो, त्यांचे पाय आधी बघावेत. आणि हे कुत्र्यांपुरतंच आहे असं कुणी समजू नये.