गरम टोफूची वाट

समुद्रापलीकडच्या जपान देशात, डोंगर आणि नदीच्या बेचक्यात, तोरिसे नावाचं किल्ल्याचं नगर होतं. नगराच्या वेशीवर देवळांची ओळ होती. त्यातल्या शेवटच्या देवळात म्योशुन नावाची म्हातारी भिक्षुणी राहायची. आणि नदीपल्याड, होड्या ठेवायच्या एका पडक्या नावघरात, हेइकुरो नावाचा एक बिनधन्याचा सामुराई राहायचा, बायको ओसेन आणि खोकणारी म्हातारी आई यांना घेऊन.

"तिसऱ्यांदा आलास. रस्ता चुकलास, का चहाला आलास?"

भिक्षुणीनं विचारलं तेव्हा हेइकुरो दारात उभा होता. घामानं निथळत. हातात मोजायची दोरी.

"किल्ला समोर दिसतोय, गुरुमाई. सकाळपासून त्याच्याचकडे चालतोय. आणि दर खेपेला तुमच्या दारात येतोय."

"मग माझ्या दारात काही असेल."

"चेष्टा करू नका. माझ्या घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

म्हातारीनं चटई झटकली आणि सरकवली.

खरंच जिवाचाच प्रश्न होता. हेइकुरोच्या धन्याचं घराणं बुडालं, तेव्हापासून तीन वर्षं हे तिघं गावोगाव फिरत होते. तोरिसेच्या किल्ल्याचा कारभारी, कुवाबारा त्याचं नाव, त्यानं एवढंच सांगितलं होतं : पहिला बर्फ पडायच्या आत नगराचा नकाशा काढून आण. पसंत पडला तर चाकरी देऊ, नगरात घर देऊ. नाही पडला तर... पुढचं तो बोललाच नव्हता. आणि नावघरातला आणखी एक हिवाळा आईच्यानं निभणार नव्हता, हे आईला सोडून सगळ्यांना कळत होतं. कदाचित आईलाही.

"मोजणीत माझा हात कुणी धरू शकत नाही," हेइकुरो म्हणाला. "राजधानीत शिकलोय. पण इथले रस्ते वाकडे."

"रस्ते ठीक आहेत. येणारा फार सरळ आहे."

वाकडे ते मुद्दामच होते. तोरिसे वसवणाऱ्यांनी दर चाळीस पावलांवर रस्ता काटकोनात मोडला होता. कुठं पुढं भिंत, कुठं नुसतं कुंपण. शत्रूला किल्ला दिसावा, खुणावावा... आणि हाती लागू नये.

"मला हे नगर शिकवा, गुरुमाई. सत्तर वर्षं राहताय इथं."

"काय काय मोजलंस?"

"तट, खंदक, सतरा दरवाजे."

"तटाचा रंग कोणता?"

"पांढरा."

"सकाळी, का संध्याकाळी?"

हेइकुरोनं हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"जा. बघून ये."

तो चरफडत गेला. रंगाचा नकाशाला काय उपयोग? पण गेला. पहाटे खंदकाच्या काठावर उभा राहिला, आणि राहिलाच. तट पांढरा नव्हताच मुळी. सूर्य डोंगरावरून डोकावला तेव्हा तट पिकल्या पीचसारखा गुलाबी होता. वर काळ्या कौलांचे पाच मजले एकावर एक, जणू पंख मिटून बसलेली कावळ्यांची उतरंड. खंदकात कमळाची पानं सुकत होती, त्यांच्याखालून म्हातारे मासे सावकाश फिरत होते. संध्याकाळी तोच तट राखेच्या रंगाचा झाला, आणि मग निळा.

"गुलाबी," तो येऊन म्हणाला. "मग राखी. मग निळा."

"हं. आता आलास तोरिसेत."

त्या दिवसापासून म्हातारी त्याला रोज एक काहीतरी विचारी, आणि तो रोज निघे. रंगाऱ्यांच्या आळीतल्या ओहोळाचं पाणी बाजाराच्या दिवशी कोणत्या रंगाचं असतं? लोहारांच्या आळीत सगळ्यात आधी कोणाचा घण वाजतो? भालदारांच्या गल्लीत मातीच्या कुंपणांवरून कोणत्या घरची फांदी बाहेर डोकावते? तो पाहून येई. दारू गाळणाऱ्याच्या ओसरीवर देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला. तो हिरव्याचा तपकिरी झाला की लोकांनी समजावं, यंदाची दारू मुरली. घराघरांच्या वळचणीला टेंभुर्णीच्या जातीची केशरी फळं सोलून दोरीला बांधलेली, गल्लीभर जणू दिवाळी. गावाबाहेर कुट्टू नावाच्या धान्याच्या शेतांवर पांढरा फुलोरा. त्याच्या मागं नदीचं वळण, आणि त्याच्याही मागं टोपी घातल्यासारखा ढग डोक्यावर घेऊन बसलेला डोंगर.

आधी तो पावलं मोजत जायचा. पुढं पुढं पावलं मोजायची राहून जायची आणि परत जावं लागायचं.

नावघरात ओसेन म्हणायची, "अहो, तुमच्या त्या कागदाला गळणारं का होईना, पण छप्पर असतं, तर मी त्याच्याखाली सासूबाईंना निजवलं असतं."

"थोडं थांब. असा नकाशा आजवर कुणी काढला नसेल."

"ते मी तीन वर्षं ऐकतेय. आधी तलवारीबद्दल ऐकत होते."

एकदा दुपारी म्हातारीनं त्याच्यापुढं टोफू ठेवला. सोयाबीनचं दूध नासवून करतात, दिसायला आपल्या पनीरासारखा. वर थोडं आलं किसलेलं.

"गार व्हायच्या आत खा."

"कुठला आहे?"

"ओयोच्या दुकानातला. किल्ल्याखालचं पाणी गोड, म्हणून तिथंच करते ती. दुपारी ताजा उतरवते, आणि मला पहिला आणून देते."

हेइकुरोनं घास घेतला. जीभ पोळली. छान होता, म्हणून आणखी एक घेतला. वाफ निघत होती.

नदी ओलांडून घरी पोचला, पायताणं काढली, आणि तसाच उभा राहिला.

किल्ल्यापासून देवळापर्यंत वाकड्या रस्त्यांनी यायला अर्धा प्रहर लागतो. त्यानं स्वतः मोजलं होतं. आणि टोफू पोळत होता!

दुसऱ्या दिवशी तो देवळामागच्या बांबूच्या बनात लपून बसला. दुपार कलताना ओयो आली. पाठीला नातू बांधलेला, हातात लाकडी बादली. बनातून आली आणि टोफू देऊन बनातच परत गेली. हेइकुरो तिच्या मागं मागं गेला. बांबूंमधून, दोन भिंतींच्या फटीतून एक वाट जात होती. जेमतेम एका माणसापुरती. सगळ्या तोरिसेत हीच एक वाट सरळ होती. एक टोक नदीच्या उतारावर, जिथं पायी नदी ओलांडता येते तिथं; दुसरं ओयोच्या दुकानामागं, किल्ल्याच्या पाणदरवाजापाशी. त्यानं पावलं मोजली. चारशे बारा.

तिसऱ्या दिवशी त्यानं पुरा झालेला नकाशा म्योशुनपुढं उलगडला. छाती फुगली होती.

"बघा, गुरुमाई. सगळं आहे. एकही आळी सुटली नाही. आणि ही... ही वाट दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यांनासुद्धा ठाऊक नाही. मी शोधली. एका टोफूच्या तुकड्यावरून!"

म्हातारीनं नकाशा पाहिला. खूप वेळ पाहिला. बोट ठेवून गल्लीगल्लीतून फिरली. रंगाऱ्यांच्या आळीत हसली.

"सुंदर आहे रे," ती म्हणाली. "तोरिसे इतकं सुंदर आहे, हे मीच विसरले होते."

मग तिनं आपला चहाचा वाडगा उचलला. जुना, बुडाला तडा गेलेला. ती नेहमी खाली तळहात धरूनच प्यायची. तो तिनं नकाशावर ठेवला. बरोब्बर देवळाच्या मागं.

चहा पाझरला. हिरवा डाग पसरत गेला. देवळापासून पाणदरवाजापर्यंत.

"गुरुमाई! अहो, काय केलंत!"

त्यानं वाडगा उचलला. वाट शाईसकट विरघळली होती.

"वाडगा गळतो माझा."

"ठाऊक होतं तुम्हाला! दीड महिन्याची मेहनत... डोंगरावर बर्फाचे ढग आलेत, माझी आई तिकडे..."

 म्हातारी फडक्यानं चटई पुसत राहिली. नकाशा नाही पुसला.

हेइकुरो ओला नकाशा उचलून, नमस्कार न करता निघून गेला.

घरी एकच कोरा कागद उरला होता. ओसेननं शाई उगाळून दिली. दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. पुन्हा सगळं काढलं, आधीपेक्षा सुबक. ती वाटही काढली. चारशे बारा पावलं, केसासारखी बारीक रेघ.

"झाला?" ओसेननं विचारलं.

"झाला."

"डागाचा फेकू?"

"कशाला... वरून गुंडाळ. हवेत ओल आहे."

तिनं नवा नकाशा आत ठेवला, डागाचा वरून गुंडाळला. निघताना आईनं विचारलं, "बर्फ पडला का रे?" तो म्हणाला, "नाही अजून." ती म्हणाली, "मग सावकाश जा."

घाई होती, म्हणून तो त्याच वाटेनं गेला. उतार ओलांडला, बांबूत शिरला. वाटेच्या मध्यावर समोरून ओयो आली, बादली घेऊन, पाठीला नातू. दोघं एका वेळी मावेनात. ओयो भिंतीला चिकटून उभी राहिली.

"या दादा, या. तुम्हीच ना ते, गुरुमाईंकडे येता ते?"

"हो."

"त्या दिवशी बांबूत बसला होता. थंडीनं काकडत होता अगदी. मला हाक मारावीशी वाटली, पण म्हटलं, माणूस कामात आहे."

हेइकुरोनं गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमच्या आईला खोकला आहे म्हणे. गुरुमाई सांगत होत्या." तिनं बादलीतून एक तुकडा काढून पानात बांधून दिला. "हा घरी नेईपर्यंत गार होईल. आईसाठी परतताना दुकानातून घ्या, सून बसलीय तिथं, तिला सांगा ओयोनं सांगितलंय. हा तुम्ही खा."

नातवानं पाठीवरून हात काढून त्याच्या हातातली गुंडाळी धरली. ओयोनं हळूच त्याची बोटं सोडवली. "सोड रे, ते मोठ्या माणसांचं असतं."

ती गेली. हेइकुरो त्या भिंतींच्या फटीत उभा राहिला. हातात गरम पान. काखेत गुंडाळी. वाट पुढंमागं दोन्हीकडे सरळ दिसत होती. एका माणसापुरती... पण एकामागून एक माणसं येणार म्हटलं, तर कितीही.

तो पुढं निघाला. दुकानात ओयोची सून मोठ्या काहिलीखाली जाळ घालत होती. हेइकुरो वाकला. गुंडाळी सोडली, आतला कागद काढला आणि चुलीत सरकवला.

"अगं बाई! दादा, चांगला कागद तो!"

"जाळ कमी दिसला," हेइकुरो म्हणाला.

किल्ल्यात कारभारी कुवाबारा शेगडीपाशी बसला होता. नकाशा उलगडला. भुवया वर गेल्या.

"हात चांगला आहे तुझा. रंगाऱ्यांचा ओहोळसुद्धा काढलाय." मग त्याचं बोट थांबलं. "आणि हे काय?"

"चहा सांडला, सरकार."

"कुणाचा?"

"माझ्या गुरुमाईंचा."

"चहाच्या खाली काय होतं?"

शेगडीत निखारा तडतडला. हेइकुरोच्या डोळ्यांपुढं नावघराचं छप्पर आलं. आई आली.

"चहाच होता, सरकार. वर आणि खाली."

कारभाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग डागाकडे.

"तुझ्याआधी चौघं आले," तो म्हणाला. "दोघांना डागाखालचं सापडलंच नाही. असले डोळे मला नकोत. दोघांना सापडलं, आणि त्यांनी ते काढून आणलं. ते अजून आमच्याकडेच आहेत. खिडकी नसलेल्या खोलीत."



कारभाऱ्यानं नकाशा जपून गुंडाळला. डागावर फुंकर घातली, जणू अजून ओला होता. "भालदारांच्या गल्लीत एक घर रिकामं आहे. कौलं नवी आहेत. आजच आईला आण. मला डोंगर बरा दिसत नाहीये."

संध्याकाळी, तट राखेच्या रंगाचा झाला तेव्हा, हेइकुरो आईला पाठीवर घेऊन नगरात शिरला. ओसेन मागं, डोक्यावर भांडी. दारापुढून ओहोळ वाहत होता, कुंपणावरून केशरी फळांची फांदी वाकली होती. ओसेननं उंबऱ्यावर बसून ती फळं मोजली, आणि मग रडली. आईला शेकोटीपाशी निजवलं, गरम टोफू भरवला, आणि बाहेर पहिला बर्फ पडायला लागला. त्या हिवाळ्यात आईचा खोकला उतरला. वसंतात ओसेनला मुलगी झाली. हेइकुरो किल्ल्याचा नकाशेदार झाला.

बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्यावर तो म्योशुनकडे गेला. बरोबर कुंभारांच्या आळीतून निवडून आणलेला नवा वाडगा. घट्ट भाजलेला, बिनतड्याचा. तो तिच्यापुढं ठेवून त्यानं कपाळ चटईला टेकलं.

"त्या दिवशी नमस्कार राहिला होता, गुरुमाई."

"चहा घे."

तिनं जुन्याच वाडग्यात चहा ओतला. खाली तळहात धरला. नवा वाडगा हातात घेऊन फिरवून पाहिला, टिचकी मारली. खणखणीत वाजला.

"आवडला नाही?"

म्हातारीनं तो परत त्याच्या हातात दिला.

"हा तुझ्या घरी असू दे. गळायला लागला की मला दाखव."