पट्टीखाली अडकलेली चौकट

इंटरनेट नुकतंच रांगायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका नगरपालिकेच्या वेबपानावर सगळ्यात वर एक निळी पट्टी राहायची. पान कितीही सरको, ही जागची हलायची नाही. अंगावर लिहिलेलं, ‘आपल्या सेवेस सदैव तत्पर’.

त्याच पानावर खाली ‘तक्रार इथे लिहा’ ही बुटकी चौकट होती. कुणी पानावरच्या यादीत तिच्या नावावर माउसने टिचकी मारली की बिचारी धावत वर यायची आणि नेमकी पट्टीखाली झाकली जाऊन अडकायची. लोकांना दिसायचा तिच्या खालचा फुलझाडांच्या स्पर्धेचा निकाल. ते कपाळाला हात लावून निघून जायचे.

“अक्का, जरा सरकता का?” चौकटीने विनवलं.

“मी सरकले तर पालिकेची शान काय राहील? तूच नीट ये.”

शेवटी पान बांधणारी हेमांगी आली. पट्टीला तिने हातही लावला नाही. चौकटीच्या डोक्यावर पट्टीच्या उंचीएवढी मोकळी जागा तेवढी सोडली. आता चौकट धावत आली की पट्टीच्या खालच्या कडेशीच थांबायची आणि लख्ख दिसायची.

पट्टी खुलली. “अखेर शिकलीस ना मोठ्यांपुढे अंतर राखायला!”

चौकटीत पहिली तक्रार येऊन पडली होती: ‘वरची निळी पट्टी काढा. मध्ये मध्ये येते.’