सुतकातला कंदील

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी कधीची, ते सांगणारा आता कुणी उरला नाही. खाडीच्या तोंडाशी खारवेळ नावाचं गाव होतं आणि गावात येसाई नावाची बुरडीण होती. सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायची. हात कधी रिकामे नसत आणि पाय एका जागी ठरत नसत. हिच्या पायाला भिंगरी लावलीय, असं सासू म्हणायची.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर गावचे पुरुष होड्या भरून दक्षिणेकडच्या दूरच्या बाजाराला गेले. येसाईचा नवरा रखमाजीही टोपल्या घेऊन गेला. ते परतायच्या वेळेलाच समुद्र खवळला. वादळ आलं, ओसरलं, धनत्रयोदशी उजाडली, तरी एकही होडी दिसेना. तेव्हा म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या आणि गावाने सुतक धरलं. सुतकात दिवे कसे लावायचे? पणत्या कोनाड्यातच राहिल्या आणि ऐन दिवाळीत गाव काळोखात बुडालं.

येसाईला मात्र चैन पडेना. घरातून बंदरावर, बंदरावरून घरात, अशा तिच्या येरझाऱ्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने बंदरावरून मागे वळून पाहिलं, तर तिला आपलंच गाव दिसेना. मला इथून दिसत नाही, तर पाण्यातून त्यांना काय दिसणार?

ती धावत घरी गेली. बांबूच्या कामट्यांची टोपली विणली, तिला जुन्या लुगड्याचं विरलेलं कापड गुंडाळलं, आत पणती ठेवली आणि टोपली बांबूच्या काठीला बांधून बंदरावर आणली. गावचा मानकरी, म्हातारा गावकर राघोजी आडवा आला.

"येसाई, सुतकात दिवा लावतेस? पोरी, गेलेल्यांना पाणी पोचायचं नाही अशानं."

"मढं कुणी बघितलंय, आजोबा? मग सुतक कुणाचं धरलंत?"

म्हातारा बाजूला झाला.

काठी तोकडी पडत होती. येसाई चवड्यांवर उभी राहून ती वर रेटत राहिली. आणि असं म्हणतात, की त्या तोडलेल्या बांबूला नवं पेर फुटलं, त्यावर आणखी एक फुटलं. ती हात वर करी तसा बांबू वाढे. माडांचे शेंडे खाली राहिले आणि दिवा वर चांदणीएवढा दिसू लागला.

पहाटे होड्या आल्या. बायापोरं पाण्यात धावली. येसाई एकेक होडी बघत पुढे गेली, पार शेवटच्या होडीपर्यंत. ती होडी हाकणाऱ्या तांडेलाने तिच्याकडे न बघताच सांगितलं, "रखमाजीची होडी सगळ्यांच्या पुढं होती, वैनी. परवाच रात्री गावासमोरनं गेली असणार. काळोख बघून त्याला वाटलं असंल, आपलं गाव अजून पुढंच हाय."

येसाईने दिवा उतरवू दिला नाही. ती किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे चालत गेली, ती परत आली नाही. असं म्हणतात, की ती अजून चालतेच आहे.

अजूनही खारवेळात दिवाळीचा पहिला कंदील त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरावर चढतो. शेजारी तो आपल्या हातांनी विणून आणतात आणि त्या घरचा उजेड दिसल्याशिवाय कुणी आपल्या दारात पणती लावत नाही. त्या घरातलं माणूस परत येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कंदील समुद्राच्या बाजूलाच बांधतात.