मधल्या बाकांची फुलं

“बाई, त्या नेमाचं उद्यापन तुम्ही केलंत तरी कधी?”

शलाकाच्या प्रश्नावर पारिजातकाखाली वाकलेल्या तोडणकरबाई हसल्या. “कसलं उद्यापन! आषाढी एकादशीला चार महिन्यांसाठी म्हणून धरला होता गं. दर जूनला नवी मुलं यायची... सुटलाच नाही.”

नेम साधाच होता. वर्गात जेवढी मुलं, तेवढी फुलं. रोज सकाळी एकेकाचं नाव घ्यायचं आणि एकेक फूल देवाला वाहायचं. हजेरीपट न बघता.

शलाका सातवीत बाईंच्या वर्गात होती. शाळेच्या वाटेवरच हे अंगण लागायचं. बाई फुलं मोजताना दिसल्या, की मुली कुजबुजायच्या, “आज गणिताचा पेपर देणार बघ!”

आता ती स्वतः त्याच शाळेत सातवीला शिकवत होती. सुवर्णपदक मिळवून आलेली. मंगळवारी पुण्यातल्या एका मोठ्या शाळेत मुलाखत होती, आणि ‘माझं अध्यापनाचं तत्त्व’ एका पानात लिहून न्यायचं होतं. तिनं लिहिलं होतं. बाईंनी एकदा ‘छान’ म्हणावं, एवढ्यासाठीच ती रविवारची सकाळीच येऊन बसली होती.

“वाचू का, बाई?”

“वाच की. आधी एवढं उरकू. तुझ्या वर्गात किती?”

“अडतीस.”

बाईंनी अडतीस फुलं मोजून केळीच्या पानावर ठेवली आणि तिला देवासमोर बसवलं.

“आज तू घे नावं.”

शलाकानं भराभर सुरुवात केली. पहिली येणारी आर्या. सारखा हात वर करणारा निनाद. बाक वाजवणारा प्रणीत... त्याचं फूल वाहताना तिनं कपाळाला हात लावला, आणि दोघी हसल्या.

वीस झाली. मग हात मंदावला. सव्वीस... सत्तावीस...

एकोणतिसावं फूल वाहिलं आणि ती थांबली.

पानावर नऊ फुलं तशीच होती.

“ती शांत मुलं आहेत, बाई. मधल्या बाकांवरची. त्यांचा काही त्रासच नसतो.”

“तुझाही नव्हता.”

शलाकानं वळून बाईंकडे पाहिलं.

“चौथा बाक. खिडकीपासून दुसरी. आई गेली त्या वर्षी वडील वेण्या घालायचे तुझ्या. उजवी नेहमी सैल.”

शलाकाचा हात नकळत उजव्या खांद्याशी गेला. मधल्या सुट्टीत ती वेणी सोडून पुन्हा घट्ट घालणारी बोटं तिला आठवली. त्या बोटांना पारिजातकाचा केशरी डाग असायचा.

“नेम धरलात तो... कशावरून, बाई?”

“एक मुलगी दाखला न्यायला आली होती. गाव सोडून चालली होती बिचारी. मी विचारलं, ‘कुठल्या वर्गातली गं तू?’”

“मग?”

“‘तुमच्याच,’ म्हणाली.”

शलाकाची नजर त्या नऊ फुलांवर गेली.

मग तिनं पर्समधलं मुलाखतीचं पान काढलं. मघाचा उत्साह आता आवाजात नव्हता. “बाई, हे...”

बाईंनी पान घेतलं. वाचलं नाही. तिरपी घडी घालून त्याची पुडी केली आणि उरलेली नऊ फुलं एकेक करून अलगद तिच्यात ठेवली.

“अहो बाई! एकच प्रत आहे ती!”

“असू दे. दुसरं लिहिशील.”

पुडी तिच्या ओंजळीत आली. कागदावर केशरी ओल उतरायला लागली होती.

“उद्या शाळेत जातेस ना? यांची नावं विचारून ये. आणि मग रोज एवढं करत जा, बाळ. तोवर देवापुढं नऊ जागा मी मोकळ्या ठेवते.”