तांब्याभर पाणी

"आणि ऐन वेळी आठवलंच नाही तर, बुवा?"

धर्माबुवा वालाच्या शेंगांना मीठ आणि ओवा चोळत बसले होते. जनार्दनाचा प्रश्न ऐकूनही त्यांचे हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जनार्दनाचं पहिलं प्रवचन होतं. खाडीपलीकडच्या गावाने त्याला आपण होऊन बोलावलं होतं. पाठांतरात त्याचा हात धरणारा मठात कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. आज मात्र दुपारपासून तो बुवांच्या मागे मागे फिरत होता.

"तुमची चार वाक्यं द्या, बुवा. तेवढ्यावर वेळ मारून नेतो."

"आधी या शेंगांची पोपटी लाव. कधी लावली आहेस?"

"नाही. पण त्यात काय मोठंसं?"

"काहीच नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घाल, त्यावर शेंगा, वर पुन्हा पाला. तोंड पाल्यानेच घट्ट बंद कर. मग मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा."

"आणि पाणी?"

"पाणी नाही."

बुवा काटक्या गोळा करायला बांधावर गेले.

जनार्दन मडक्याकडे बघत राहिला. पाण्यावाचून कधी काही शिजतं का? बुवांचं वय झालं, विसरले असतील बिचारे. शेंगा भरून त्याने हळूच तांब्याभर पाणी आत ओतलं, पाला कोंबला आणि मडकं उपडं ठेवलं.

सूर्य खाडीत उतरला होता. कापलेल्या भातखाचरांवर धुकं येत होतं. पेंढा पेटला, पण ज्वाळेपेक्षा धूरच जास्त झाला. तो धुक्यात मिसळला, आणि आभाळ कुठे संपतं, शेत कुठे सुरू होतं, काही कळेना. भांबुर्ड्याच्या उग्र वासाने जनार्दनाचे डोळे जड झाले. क्षणभर त्याला वाटलं, उद्या कधी येणारच नाही. फार बरं वाटलं त्याला.

"मडकं रडतंय का रे?" काटक्या घेऊन परतलेल्या बुवांनी विचारलं.

मडक्याखालून ओल पसरत होती. एका बाजूचा पेंढा विझून काळा पडला होता.



काठीने मडकं बाजूला घेऊन बुवांनी पाला उपसला. शेंगा अर्ध्या पचपचीत, अर्ध्या कच्च्या होत्या. त्यांनी एक सोलली आणि शांतपणे चावून खाल्ली.

"पाणी घातलंस?"

"थोडंसंच. करपू नये म्हणून."

"विहिरीचं?"

"हो."

"तरीच. विहिरीचीच चव आहे."

त्यांनी दुसरी शेंग घेतली. तीही खाल्ली.

जनार्दनाची मान खाली गेली. तो बोलला, तेव्हा त्याचा आवाज लहान झाला होता.

"बुवा, मला फार भीती वाटते. ते सगळे शब्द दुसऱ्यांचे आहेत. ते काढून घेतले तर माझ्या आत काहीच नाही."



बुवांनी टोपलीत उरलेली एक हिरवी शेंग उचलली. तिचा दाणा काढून जनार्दनाच्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. तळहात ओला झाला.

"हिच्या अंगात पाणी होतं की रे."